ग्रेड मुलाची, मग मेलही त्याच्याच हातचा

कॅलिफोर्नियातल्या फ्रिमाँटहून एका आईचे पत्र आले आहे. पत्र दोन पानी आहे आणि त्यात चार प्रश्न आहेत, परंतु त्यांतला एक प्रश्न असा आहे की या वेळची बहुतेक जागा मी त्यालाच देणार आहे. त्या लिहितात: "मुलाला मार्चमध्ये युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या एका कॅम्पसची ऑफर आली. आम्ही मंडळाच्या ग्रुपवर पेढ्यांचा फोटो टाकला. परवा त्याच्या प्रोग्रेस रिपोर्टवर एपी (शाळेतच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेज पातळीच्या) फिजिक्समध्ये डी दिसला. पहिल्या सत्रात त्याच विषयात सी होता. त्याचे बाबा म्हणतात, ऑफर हातात आहे, कोणाला काही कळवायचे नाही. मला रात्रभर झोप लागत नाही. मी त्याच्या नावाने ॲडमिशन ऑफिसला एक मेल लिहून ठेवला आहे. पाठवू का?"

नाही, पाठवू नका. मेल जायलाच हवा आणि लवकर जायला हवा, पण तो तुमच्या हातचा असता कामा नये.

तुमची झोप का उडाली आहे हे मला कळते, आणि तुमच्या यजमानांचा समज कुठून आला आहे हेही कळते. आपण ज्या पद्धतीत शिकलो तिच्यात बारावीची परीक्षा आधी, निकाल नंतर आणि प्रवेश सर्वांत शेवटी असे. एकदा प्रवेश मिळाला की मागे वळून पाहण्यासारखे काही उरत नसे. इथे क्रम उलटा आहे. प्रवेश मार्चमध्ये मिळतो आणि बारावीचे वर्ष जूनमध्ये संपते. त्यातून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया अर्जासाठी जी सरासरी काढते ती नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतच्या विषयांची असते, त्यामुळे बारावीच्या ग्रेड कोणी बघतच नाही असा गैरसमज आपल्या घराघरांत पसरला आहे. प्रत्यक्षात तिथे अर्ज करताना मुलाने स्वतः भरलेल्या ग्रेडवर विश्वास ठेवला जातो, बारावीला कोणते विषय घेतले आहेत हे लिहून घेतले जाते, आणि त्या भरवशावर जी ऑफर मिळते ती सशर्त असते. ठरलेले विषय पूर्ण करायचे, सरासरी टिकवायची, बारावीत डी किंवा एफ येऊ द्यायचा नाही आणि शाळेकडून अंतिम ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या ग्रेडचे अधिकृत गुणपत्रक, 1 जुलैपर्यंत पोहोचवायचे, अशा त्या अटी मुलाच्या पोर्टलवर लिहिलेल्या असतात आणि ऑफर स्वीकारताना त्या मान्य कराव्या लागतात. त्या तुम्ही वाचल्या आहेत का, असे विचारावेसे वाटते. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख कुठेच नाही. आज रात्री मुलाला शेजारी बसवून त्याच्याकडूनच त्या मोठ्याने वाचून घ्या, कारण प्रत्येक कॅम्पसच्या अटींची भाषा थोडी वेगळी असते.

ऑफर हातात आहे म्हणणाऱ्या त्याच्या बाबांना 2017 सालची गोष्ट सांगा. त्या वर्षी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या अर्व्हाइन कॅम्पसमध्ये अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त मुलांनी ऑफर स्वीकारल्या, आणि सत्र सुरू व्हायला दोन महिने असताना सुमारे 500 मुलांचे प्रवेश रद्द करण्यात आले. काहींची ट्रान्सक्रिप्ट वेळेत पोहोचली नव्हती, काहींच्या बारावीच्या ग्रेड घसरल्या होत्या. गदारोळ झाल्यावर चॅन्सेलरांनी जाहीर माफी मागितली आणि कागदपत्रांच्या कारणावरून काढलेले प्रवेश परत दिले, परंतु ग्रेड घसरलेल्यांना अपील करण्याचाच मार्ग राहिला. दर वर्षी असे घडत नाही, आणि एका डी-मुळे ऑफर जातेच असेही मी म्हणत नाही. जुलैमध्ये ट्रान्सक्रिप्ट उघडणाऱ्या माणसाने तो डी तिथे पहिल्यांदा पाहणे आणि एप्रिलमध्ये मुलाने स्वतःहून तो सांगितलेला असणे, यांत मात्र फार अंतर आहे.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येते. मेल कोणी लिहायचा, याबाबत मी इतकी आग्रही का आहे, हे सांगायला मला माझ्याच घरात शिरावे लागेल.

आम्ही 1991 पासून न्यू जर्सीत आहोत. माझी मुलगी 2012 साली सीनियर, म्हणजे बारावीत, होती. ईशान्येकडच्या एका खाजगी कॉलेजची ऑफर आल्यावर तिने केमिस्ट्रीचा अभ्यास वाऱ्यावर सोडून दिला, शेवटच्या सत्रात डी आला, आणि आम्ही तिघांनीही तोंड मिटून घेतले. जुलैत कॉलेजचे पत्र आले की दोन आठवड्यांत लेखी स्पष्टीकरण पाठवा. माझे यजमान ऑफिसात करारमदार लिहिणारे. त्यांनी दोन रात्री बसून दीड पानाचे पत्र तयार केले. त्यात आजीचे आजारपण होते, शाळेत बदललेले शिक्षक होते, कौटुंबिक परिस्थिती नावाचे एक भारदस्त वाक्य होते. मी शुद्धलेखन तपासले. मुलीने सही केली. आठ दिवसांनी ॲडमिशन ऑफिसमधून तिला फोन आला, आणि पलीकडच्या बाईंनी फक्त एवढेच विचारले की तुझ्या पत्रातल्या दुसऱ्या परिच्छेदाबद्दल जरा सविस्तर सांगशील का. तिला दुसऱ्या परिच्छेदात काय आहे ते माहीत नव्हते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला आहे, आणि ते आम्ही तिच्यावर आणले हे मी अजून विसरलेले नाही.

त्या बाई समंजस होत्या. त्यांनी तिला पुन्हा लिहायला सांगितले. तिने त्या संध्याकाळी खोलीचे दार लावून जे लिहिले ते अर्धे पानसुद्धा नव्हते: मी अभ्यास केला नाही, ऑफर मिळाल्यावर मला वाटले की आता चालेल, उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजमध्ये केमिस्ट्रीचा कोर्स घेते आहे, पहिल्या सत्रात तुम्ही घालाल ती अट मान्य आहे. प्रवेश टिकला, पहिले सत्र तिने देखरेखीखाली काढले. चार वर्षांनी धाकट्याला सीनियर वर्षात कॅल्क्युलसमध्ये डी दिसू लागला, तेव्हा आम्ही मेलला हात लावला नाही. त्याने सात ओळींचा मेल मे महिन्यातच पाठवला, त्यात व्याकरणाची एक चूक होती, आणि तीन दिवसांत उत्तर आले की कळवल्याबद्दल आभार, अंतिम ग्रेड सी-च्या खाली जाऊ देऊ नकोस.

आपल्याकडच्या आईवडिलांना हे जड का जाते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. साताऱ्यात माझ्या कॉलेजच्या प्रवेशाचा प्रत्येक फॉर्म माझ्या वडिलांनी त्यांच्या सुवाच्य अक्षरात भरला, मी फक्त खाली सही केली. फॉर्मवर पालकाच्या सहीची वेगळी जागा असे आणि तिच्यावाचून कारकून तो परत करीत असे. त्यात प्रेम होते आणि त्या व्यवस्थेत ते बरोबरही होते. इथे मात्र 1974 च्या केंद्रीय कायद्याने मूल 18 वर्षांचे झाले किंवा कॉलेजात दाखल झाले की त्याच्या शैक्षणिक नोंदींचे हक्क त्याच्या एकट्याचे होतात, आणि सप्टेंबरपासून तुम्ही फोन केलात तरी कॉलेज त्याच्या ग्रेडबद्दल तुमच्याशी सहसा बोलणार नाही. ॲडमिशन ऑफिसातल्या माणसांचे आयुष्य सतरा-अठरा वर्षांच्या मुलांचे निबंध वाचण्यात गेलेले असते. आईने लिहिलेले वाक्य त्यांना लगेच ओळखू येते, आणि ते ओळखू आले की ग्रेडच्या काळजीत दुसरी काळजी मिळते, की हा मुलगा इथे येऊन स्वतःचे प्रश्न स्वतः मांडेल की नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा. अजून डी अंतिम झालेला नाही, सत्र संपायला वेळ आहे, म्हणून आधी मुलाने फिजिक्सच्या शिक्षकांना भेटून विचारावे की सी पर्यंत पोहोचायला नेमके काय लागेल, कोणत्या चाचण्या बाकी आहेत, राहिलेले लॅब रिपोर्ट अजून घेतील का. मग शाळेच्या कौन्सेलरला सांगावे, कारण अंतिम ट्रान्सक्रिप्ट तिथूनच जाणार आहे आणि कॅम्पसने विचारले तर उत्तरही बहुधा त्यांनाच द्यावे लागेल. त्यानंतर, याच आठवड्यात, कॅम्पसला लिहावे: काय झाले, का झाले, आता काय करतो आहे, आणि अंतिम ग्रेड डी राहिल्यास उन्हाळ्यात कोर्स करून ती भरून काढता येईल का. परवानगी आधी मागावी. न विचारता केलेला उन्हाळी कोर्स ते मान्य करतीलच असे नाही. घाबरून फिजिक्सचा विषयच सोडून देण्याचा विचार कोणी सुचवील, तर तोही कॅम्पसला न विचारता करू नका, कारण अर्जात लिहिलेला विषय सोडणे हासुद्धा अटीचा भंग ठरतो. मे महिन्यात एपीच्या परीक्षेत 5, म्हणजे सर्वोच्च गुण, मिळवले की सगळे धुऊन निघेल, असे तुमच्या मुलाने तुम्हाला सांगितले आहे; ट्रान्सक्रिप्टवरचा डी त्याने पुसला जात नाही.

तुम्ही काय करायचे? त्याच्या खोलीबाहेर बसा. त्याने विचारले तर मेल एकदा वाचा, खोटे काही नाही ना एवढेच पाहा, आणि वाक्ये सुंदर करू नका. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिले आहे, "त्याला लिहिता येत नाही असे नाही, पण तो नीट मांडणार नाही." मांडू दे त्याला जसे मांडता येईल तसे. ज्या मुलाने अर्जाचे निबंध लिहून ही ऑफर मिळवली, त्याला सात ओळी लिहिता येतात. आणि ते निबंधही तुम्हीच लिहिले असतील, तर पुढच्या वेळी मला तेवढे मात्र खरे सांगा.

तुमचे बाकीचे प्रश्न. सासूबाईंचे पदवीदान समारंभासाठीचे तिकीट बेलाशक काढा. शाळेचा डिप्लोमा आणि कॉलेजची ऑफर या वेगळ्या गोष्टी आहेत, फिजिक्सच्या डी-ने डिप्लोमा सहसा अडत नाही, तरी कौन्सेलरकडे जाणारच आहात तर तेही विचारून घ्या. प्रॉमला, म्हणजे शाळेच्या निरोपाच्या नृत्यसमारंभाला, त्याला जाऊ द्या. मंडळाच्या ग्रुपवर आता काय लिहायचे या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, कारण तिथे काहीही लिहिण्याची गरज नाही.

इंग्लंडमधल्या लेस्टरहून एका वडिलांनी विचारले आहे की त्यांच्या मुलीला ए-लेव्हलच्या (तिथल्या शाळेच्या शेवटच्या परीक्षेच्या) अटीवर मिळालेली ऑफर एक ग्रेड कमी आल्यास जाईल का. तुमच्याकडे कोणत्या ग्रेड हव्यात ती अट नेमकी लिहिलेली असते आणि निकाल ऑगस्टमध्ये एकदमच लागतो. विद्यापीठे कधी कधी सवलत देतात, नाही दिली तर दुसऱ्या पसंतीची ऑफर आणि नंतर क्लिअरिंग, म्हणजे रिकाम्या राहिलेल्या जागा भरण्याची फेरी, आहे. निकालाच्या सकाळी विद्यापीठाला फोन करावा लागला तर तो तुमच्या मुलीनेच करायचा आहे.

फ्रिमाँटच्या भगिनीला एकच सांगणे. ऑफर स्वीकारण्याची शेवटची तारीख 1 मे आहे, ती या गडबडीत चुकवू नका. आणि तुम्ही लिहून ठेवलेला तो मेल मुलाला दाखवण्याआधीच काढून टाका, नाहीतर तो त्यातलीच वाक्ये उचलेल.