बबल टी या तैवानी चहातल्या काळ्या गोळ्यांना ‘बोबा’ का म्हणतात? ‘बबल’ म्हणजे तेच गोळे का, आणि ते साबुदाण्याचे असतात का?

‘बबल’ म्हणजे ते गोळे नव्हेत. ते नाव फेसाचं आहे. 1980च्या दशकात तैवानमध्ये थंड चहा बर्फासोबत शेकरमध्ये घुसळून द्यायची पद्धत रुजली. वर दाट फेस यायचा, म्हणून चिनीत त्याला ‘फेसाळ चहा’ म्हणू लागले. गोळे त्यात नंतर पडले.

गोळे तसे बाजारात आधीपासून होतेच. बर्फाच्या चुऱ्यावर पाकात घालून लोक ते खायचे. चहात ते पहिल्यांदा कोणी टाकले, यावरून ताइचुंगचं छुन-श्वेइ-थांग आणि ताइनानचं हानलिन ही दोन चहागृहं कोर्टात गेली. दहा वर्षं खटला चालला. 2019 मध्ये निकाल आला तो असा, की हे पेय कोणीही करू शकतं, त्यामुळे पहिलं कोण हे ठरवायची गरजच नाही. मला हा निकाल मनापासून पटतो. हानलिनवाले सांगतात की त्यांचे गोळे पांढरे होते, मोत्यांसारखे दिसायचे, म्हणून ‘जनजू’ म्हणजे मोती हे नाव पडलं. तैवानात आजही ‘मोती दूध-चहा’च मागतात.

‘बोबा’ची कुळकथा जरा चावट आहे. भरदार छातीच्या बाईसाठी हाँगकाँगच्या बोलीत हा शब्द होता. मोठ्या आकाराच्या गोळ्यांना तो चिकटला. पुढे कॅलिफोर्नियात तो इतका रुळला की तिथे अख्ख्या पेयालाच बोबा म्हणतात आणि मूळ अर्थ फारसा कोणाच्या मनातही येत नाही.

साबुदाण्याशी नातं मात्र अगदी सख्खं. तमिळनाडूत सेलमकडे होणारा आपला साबुदाणा आणि हे गोळे, दोन्ही कसाव्याच्या कंदातल्या स्टार्चचे. काळपट रंग येतो तो ब्राउन शुगरचा. पण साबुदाणा भिजवून शिजवलात तर तो चिवट लुसलुशीतपणा येत नाही, ज्याला तैवानी लोक ‘क्यूक्यू’ म्हणतात. घरी करायचे तर टॅपिओका स्टार्च, म्हणजे कसाव्याचाच स्टार्च, आणा आणि गुळाच्या उकळत्या पाण्यात मळा. पाणी उकळतंच हवं, नाहीतर पीठ एकत्र येत नाही. हरभऱ्याएवढे गोळे वळून मऊ होईपर्यंत उकळा आणि त्याच दिवशी संपवा. फ्रीजमध्ये ठेवलेत तर काही तासांतच आतून कडक होतात.