आधी आवक नंबर घे

लेकरा,

परवा फोनवर म्हणालीस, "मॅडम, सर ओळखीचे आहेत, मैत्रिणीला परीक्षेत जादा वेळ आणि पेपर लिहून देणारा लेखनिक हवाय, ते बोलून जमवून घेऊ का? अर्ज दिला तर तिच्यावर डूख धरतील." बोलून जमवायचं नाही. अर्ज लेखी द्यायचा आणि पोच घ्यायची.

तुझ्या मैत्रिणीला डिसग्राफिया आहे, म्हणजे लिहिण्यातली अध्ययन अक्षमता. तोंडी विचारा, फडाफडा सांगते. पेपरात हात अडतो. परीक्षा विभागातले बाबू म्हणाले, "पोरगी धडधाकट दिसते, अन् प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व 40 टक्केही नाही." 2016 चा दिव्यांग हक्क कायदा त्यांच्या टेबलावर ठेव. 40 टक्क्यांची अट कलम 32 मधल्या 5 टक्के राखीव जागांसाठी आहे. जादा वेळ आणि लेखनिक कलम 17 मध्ये आहेत, तिथं ही अट नाही. हात आखडणाऱ्या विकास कुमार या यूपीएससीच्या उमेदवाराला 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगून लेखनिक दिला. अर्जात हे सगळं लिही. तोंडी सांगितलेलं बाबू चहासोबत विसरतात.

डूख धरतील, हे खरं. मलाही नांदेडपासून बीडपर्यंत भांडकुदळ म्हणतात. म्हणू देत. माझ्या वर्गात स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा होता, गणितात हुशार; हॉलमधल्या गोंगाटात त्याला पेपर सुटायचा नाही. तेव्हा 1995 चा कायदा होता, त्यातल्या सात प्रकारांत स्वमग्नता नव्हतीच. वेगळी खोली मागायला गेले तर म्हणाले, कुठल्या नियमानं? नियम नव्हता. पोरगं दुसऱ्या वर्षीच घरी बसलं. ते आजही सलतं. तुमच्या 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत, अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे. आणि तू ओळख लावतेस? ओळखीनं एका पोरीचं काम होईल. पुढच्या वर्षी सरांची बदली झाली की मागून येणाऱ्या पोराला पुन्हा दाराबाहेर उभं राहावं लागेल.

मैत्रिणीला विचारल्याशिवाय मात्र एक अक्षर लिहू नकोस. तिच्या आईबापाला सोयरिकीची धास्ती असेल, तर आधी त्यांच्याकडं जाऊन बस. सही तिची, धावपळ तुझी.

अर्जाच्या दोन प्रती कर. आवक-जावकच्या खिडकीवर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घे. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर खिडकी सोडू नको. उत्तर आलं नाही तर त्याच नंबरावर स्मरणपत्र दे, मग पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडं तक्रार. तिथं पहिल्यांदा पोचच मागतात.

सोमवारी जा. शिक्क्याचा फोटो मला पाठव.

तुझी,
मॅडम