ऑपरेशनला नाही म्हणतात, कसं पटवू?

बेळगावात कॅन्सरच्या रुग्णांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलणं हे माझं काम. सगळ्यात जास्त येणारा प्रश्न रुग्णाचा नसतोच, लेकाचा किंवा लेकीचा असतो. परवा खानापूर तालुक्यातल्या एका मुलीनं तोच विचारला. वडिलांच्या गालाला कॅन्सर निघालाय, डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात, वडील ठाम नाही म्हणतात. त्यांना आजाराचं नाव सांगितलेलं नाही. सांगावं का, आणि पटवावं कसं?

तिला उत्तर देण्याआधी निपाणीकडच्या एका मावशींबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

मावशी साठीच्या आतल्या. उमेदीची सगळी वर्षं तंबाखूच्या वखारीत गेलेली, दाताला मिश्री लहानपणापासून. जिभेच्या कडेला जखम झाली ती भरेना. तोंड आलंय म्हणून गोळ्या-मलम चाललं, त्यात दोन महिने गेले. शेवटी तुकडा तपासला आणि कॅन्सर निघाला, पण सुरुवातीच्या टप्प्यातला. सर्जननी सांगितलं, जिभेचा तेवढा भाग काढू आणि त्याच वेळी मानेतल्या गाठीही (लसीका ग्रंथी, त्या प्रत्येकाच्या मानेत असतात) काढू.

मावशींचं उत्तर एका ओळीचं: "जिभंचं काय ते काढा. मानंला हात लावायचा न्हाई."

घरात गोंधळ उडाला. मुलगा कागलच्या एमआयडीसीत कामाला. गोळ्यांवर दोन महिने घालवले याचा राग त्याच्या डोक्यात इतका, की आजच्या आज मुंबईला हलवायचं म्हणून तो गाडी ठरवून मोकळा झाला. सूनबाई गोकाककडच्या. डॉक्टर कानडीत बोलायचे आणि त्या सासूला मराठीत सांगायच्या, पण सांगताना जड ते सगळं गाळायच्या. मावशींपर्यंत पोचलं ते एवढंच, की जखम आहे आणि थोडं कापायचंय. मावशींचे यजमान हृदयाचे रुग्ण. ते खर्चाच्या काळजीनं गप्प बसलेले. आणि सगळे मला म्हणत होते, आई घाबरलीय, तिला समजवा.

आता ही जी भीती, भीती म्हणून आपण सरसकट म्हणतो ना, तिथंच घोटाळा होतो. भावनांचा निर्णयावरचा परिणाम एकसारखा नसतो. जेनिफर लर्नर आणि डॅकर केल्टनर या मानसशास्त्रज्ञांनी २००१ साली हे दाखवून दिलं: घाबरलेल्या माणसाला धोका आहे त्याहून मोठा दिसतो आणि तो जोखीम टाळतो, रागावलेल्याला धोका लहान दिसतो, खात्री जास्त वाटते आणि तो जोखीम घ्यायला तयार होतो. माझ्यासमोर बसलेल्या या घरात दोन्ही होतं. मुलाची मुंबईची घाई हाही भावनेतूनच आलेला निर्णय होता. फक्त ती घाई उपचाराच्या बाजूची, म्हणून तिला कुणी भावनिक म्हणत नव्हतं.

मावशींना मात्र माहितीचा मारा चालू होता. मोबाइलवरचे व्हिडिओ झाले, शेजारच्या बरे झालेल्या बाईची उदाहरणं झाली, देवाची शपथही झाली. त्या 'नाही'मागं काय आहे हे कळायच्या आधी कितीही माहिती ओता, ती वरनं वाहून जाते.

मी घरच्यांना चहाला पाठवलं आणि मावशींना विचारलं, "जीभ चालते म्हणता, मग मानेचं काय अडतंय?"

बराच वेळ पदराच्या टोकाला पीळ देत बसल्या. मग म्हणाल्या, "त्या मिशिनीत घालायच्या आधी डोरलं काढाय लावलं. लगीन झाल्यापास्नं कधी काढलं न्हवतं. पदरात गाठ मारून धरलं मी. आणि त्याच राती ह्यांच्या छातीत दुखाय लागलं." एवढं बोलून गळ्यावर हात ठेवला. "आता तितं चिरायचं म्हणत्यात. मग डोरलं घालू कुठं?"

सगळं अडलं होतं ते इथं, डोरल्यापाशी, म्हणजे मंगळसूत्रापाशी. शिकलेल्या माणसाला हसू येईल, पण मला त्यात वेडेपणा दिसला नाही. काय गमवायची तयारी नाही, हे त्या नेमकं सांगत होत्या.

मग मी आजाराबद्दल काय कळलंय ते विचारलं. "बाहेर बाकावरच्या माणसाच्या नाकात नळी हाय. मला काय कळंना व्हय? पोरांनी सांगितलं न्हाई, म्हणून मीबी विचारलं न्हाई. त्यास्नी वाईट वाटंल." लपवालपवी दोन्हीकडून चालू होती, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला सांभाळत होता. असं घर मला नवीन नाही.

दुसऱ्या दिवशी सर्जननी मावशींच्या गळ्यावर पेननं रेघ ओढून दाखवली. काप जबड्याखाली, मानेच्या घडीतनं जाणार. डोरलं त्याच्या बरंच खाली बसतं. जखम भरली की घालता येईल. ऑपरेशनच्या वेळी धातू अंगावर चालत नाही, पण डोरल्याऐवजी मनगटाला दोऱ्यात हळकुंड बांधायला भूलतज्ज्ञांची हरकत नव्हती. मग कुठं आकड्यांची पाळी आली. स्कॅनमध्ये मानेत काही दिसलं नाही, तरी जिभेच्या कॅन्सरची बारीक पेरणी तिथल्या गाठींत असू शकते. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कॅन्सरच्या सुमारे ५०० रुग्णांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध केला. मानेच्या गाठी पहिल्याच ऑपरेशनात काढलेल्यांपैकी ८० टक्के ३ वर्षांनी हयात होते. वाट बघायची आणि मानेत कॅन्सर दिसला तरच गाठी काढायच्या, असं ठरलेल्यांत हेच प्रमाण ६७.५ टक्के होतं. मावशींना मी टक्के नाही सांगितले. शंभर बायका ओळीत बसल्यात असं समजा, म्हटलं, आणि दोन्ही ओळींत किती उठून घरी गेल्या ते सांगितलं.

त्यांचा पुढचा प्रश्न भाकरीचा होता. "खांदा चालंल न्हवं थापाय?" हा अगदी रास्त प्रश्न. या ऑपरेशननंतर खांदा काही काळ दुखू शकतो, जखडू शकतो, व्यायाम करावा लागतो. तेही सांगितलं. दोन दिवसांनी होकार आला, आणि तो त्यांनी स्वतः सर्जनना दिला.

रिपोर्टमध्ये मानेतल्या सगळ्या गाठी साफ निघाल्या. मुलानं लगेच विचारलं, मग मान उगाचच चिरली का? हाही प्रश्न ठरलेला. निकाल लागल्यावर निर्णय शहाणा की वेडा हे ठरवायचा मोह सगळ्यांना होतो. त्या गाठी काढून तपासल्या म्हणून साफ आहेत हे कळलं, आधी कळायला दुसरा खात्रीचा मार्ग नव्हता. मावशींनीच त्याला गप्प केलं: "आता झोप तरी लागंल मला."

तर खानापूरच्या ताई, वडिलांना आधी पटवू नका, विचारा. 'तुम्हाला काय झालंय असं वाटतं? अजून किती सांगू?' जेवढं मागतील तेवढं सांगा, पण खोटं सांगू नका. माझा अनुभव असा, की बहुतेकांना अर्धं आधीच माहीत असतं. रिपोर्ट हातात आला त्याच दिवशी होय-नाही वदवून घेऊ नका. किती दिवस थांबलं तर चालेल, हे डॉक्टरांनाच स्पष्ट विचारा. पैशाचं ओझं असेल तर तेही वडील 'भीती वाटते' असंच सांगतील. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. महाराष्ट्रानंही २०२३ साली सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना लागू करायचं ठरवलं. तुम्ही ज्या हॉस्पिटलात जाणार तिथं कुठलं कार्ड चालतं, हे आधी तिथल्या काउंटरवर विचारा आणि मग वडिलांसमोर पैशाचं बोला.

आणि एवढं सगळं करूनही ते नाहीच म्हणाले तर? अथणीकडचे एक आजोबा होते, ऐंशीच्या घरातले. सगळं ऐकलं, प्रश्न विचारले, नको म्हणाले. आठवड्यानं विचारलं, तेच उत्तर. नातू रडला तेव्हाही तेच, आणि आवाजही तेवढाच शांत. भीतीतलं 'नाही' बहुतेकदा सकाळी एक, संध्याकाळी एक असतं. हे तसं नव्हतं. त्यांचं ऑपरेशन झालं नाही. त्यांना वेदनांसाठी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे आजाराचा त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या डॉक्टरांशी जोडून दिलं, औषध सुरू झालं. अशा डॉक्टरांचं नाव वडिलांच्या डॉक्टरांना तुम्हीही विचारून ठेवा. ऑपरेशन झालं तरी त्यांची मदत लागू शकते.