कर्ज थोडं जास्त घ्या, बाबांची एफडी राहू द्या

नेदरलँड्समधल्या आम्स्टलवेनहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. नवरा-बायको चार वर्षांपासून तिथे आहेत. ते ३६ वर्षांचे, हायली स्किल्ड मायग्रंट परमिटवर, पगार वर्षाला ६८,००० युरो. त्या ३४ वर्षांच्या, मुदतीच्या करारावर, ३४,००० युरो. सध्या भाडं १,९५० युरो. कायझर कारेलपार्क या शांत वस्तीत ६२ चौरस मीटरचा फ्लॅट त्यांना आवडलाय: तिसरा मजला, लिफ्ट नाही, एनर्जी लेबल ई (ऊर्जाबचतीत खालचा दर्जा), किंमत ३,९५,००० युरो. साठवलेले ४६,००० युरो आहेत. बेत असा, की त्यातले २५,००० घरात घालून कर्ज ३,७०,००० वर आणायचं, बाकीच्यातून खर्च भागवायचा आणि हात अगदीच रिकामा होऊ नये म्हणून पुण्यातले बाबा १८ लाखांची एफडी मोडून पैसे पाठवणार. शिवाय वाकडचा फ्लॅट विकायचा का, हाही प्रश्न आहे. बोली शुक्रवारपर्यंत द्यायची आहे आणि ताईंना पस्तीस पूर्ण व्हायला चार महिने उरलेत. "त्याआधी घ्यायलाच हवं, नाहीतर टॅक्स बसेल," असं त्या लिहितात.

ताई, सुरुवात त्या वाढदिवसापासूनच करू, कारण सगळी घाई तिथून आली आहे.

नेदरलँड्समध्ये राहण्यासाठी घर घेतलं की किमतीच्या २ टक्के हस्तांतरण कर लागतो. वय पस्तीसच्या आत असेल आणि पूर्वी ही सवलत घेतलेली नसेल, तर एकदाच माफी मिळते. घराच्या किमतीला मर्यादा आहे (२०२५ साली ती ५,२५,००० युरो होती), तुमचं घर तिच्यात आरामात बसतं. पण ही माफी जोडप्याला मिळत नाही, ज्याच्या त्याच्या वाट्यापुरती मिळते. तुमच्या यजमानांचं वय उलटून गेलंय, त्यामुळे त्यांच्या अर्ध्या हिश्श्यावर ३,९५० युरो द्यावेच लागतील. तुमच्या अर्ध्यावर तेवढेच वाचतील. म्हणजे हा वाढदिवस ३,९५० युरोंचा आहे. रक्कम लहान नाही, पण घराच्या किमतीचा तो एक टक्का. बोली लावताना स्पर्धेच्या भरात माणसं याहून जास्त रक्कम एका संध्याकाळीत वाढवतात. आणि वय मोजलं जातं ते नोटरीकडे सह्या होतात त्या दिवशीचं, बोली मान्य झाली त्या दिवशीचं नाही. तेव्हा घर पटलं तर नोटरीची तारीख वाढदिवसाआधीची मागून घ्या. नाही पटलं तर ३,९५० युरोंसाठी नको असलेलं घर गळ्यात घालून घेऊ नका.

आता आकडे. कर्ज पूर्ण ३,९५,००० चं, ३० वर्षांचं आणि व्याज ४ टक्के धरलं, तर हप्ता सुमारे १,८८५ युरो येतो. पहिल्या वर्षी त्यातले साधारण १५,६७० युरो व्याज. तिथे राहत्या घराच्या कर्जाचं व्याज करपात्र उत्पन्नातून वजा होतं, मात्र डब्ल्यूओझेड म्हणजे नगरपालिकेने ठरवलेल्या घरमूल्याच्या ०.३५ टक्के रक्कम उत्पन्नात मिळवावी लागते. डब्ल्यूओझेड ३,८०,००० धरला आणि २०२५ चा ३७.४८ टक्के दर लावला, तर महिन्याला ४४८ युरोंच्या आसपास परत मिळतात. व्हीव्हीईचे, म्हणजे आपल्याकडच्या सोसायटीचे, २१० युरो आणि मालकाला लागणारे स्थानिक कर ७० युरो धरून महिन्याचा भार १,७२० होतो. त्यातलेही जवळजवळ ५७० युरो मुद्दलात जातात, ते तुमचेच.

खरोखर खर्च होणारा पैसा, म्हणजे निव्वळ व्याज, सोसायटी, कर आणि घरातली किरकोळ दुरुस्ती, १,२०० च्या घरात जातो. भाड्याच्या १,९५० पेक्षा महिन्याला ७५० कमी. आत शिरतानाचा खर्च (तुमच्या यजमानांच्या वाट्याचा कर, कर्जसल्लागार, नोटरी आणि दुभाषी, मूल्यांकन, इमारतीची तपासणी, तुमच्या बाजूचा मकेलार म्हणजे घरांचा दलाल, एनएचजी या गृहकर्ज हमीचं शुल्क) मी १५,६०० धरलाय. पुढे कधी विकताना आणखी ६,००० जातील. किंमत तिथल्या तिथे राहिली, तरी अडीच वर्षांत हा खर्च भरून निघतो. किंमत ५ टक्क्यांनी पडली तर साडेचार वर्षं लागतात. तुम्ही "निदान पाच वर्षं तरी इथेच" असं लिहिलंय. त्या हिशोबाने घर घेणं शहाणपणाचं आहे. माझं उत्तर होकारार्थी आहे.

पण ज्या पद्धतीने घ्यायचं म्हणताय, तिला माझा नकार आहे.

कर्ज जितकं कमी तितकं बरं, हे आपल्याकडे घराघरात शिकवलं जातं, आणि चढ्या व्याजाच्या देशात ते बरोबरही आहे. तुमच्या बाबांनी हप्ते कसे फेडले असतील याची मला कल्पना आहे. मात्र तुमच्या परिस्थितीत कर्जापेक्षा मोठा धोका दुसराच आहे. यजमानांची नोकरी गेली, तर या परमिटवर दुसरा मान्यताप्राप्त नोकरीदाता शोधायला तीन महिने मिळतात. तुमचा मुक्कामही त्यांच्याच परमिटवर अवलंबून. त्या तीन महिन्यांत घराचं कर्ज किती फेडून झालं आहे याने काही होत नाही, खात्यात रोकड किती आहे यावर सगळं अवलंबून असतं. तुमच्या बेताप्रमाणे २५,००० घरात आणि १५,५०० खर्चात गेले, तर उरतात साडेपाच हजार. तीन महिन्यांचे हप्ते गेले की जवळजवळ काहीच उरत नाही.

त्यापेक्षा मूल्यांकन किमतीइतकं आलं, तर कर्ज पूर्ण घ्या. २०१८ पासून तिथे घराच्या मूल्याच्या १०० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. ते २५,००० हातात ठेवण्याची किंमत वर्षाला हजार युरो व्याज, करसवलतीनंतर सव्वासहाशे. बचत खात्यात त्यावर थोडं व्याज मिळेलच. याला विम्याचा हप्ता म्हणा. बहुतेक डच बँका दरवर्षी मूळ कर्जाच्या १० ते २० टक्के रक्कम दंडाशिवाय आधी फेडू देतात. म्हणजे आज जास्त घेतलेलं कर्ज दोन वर्षांनी कमी करता येतं. घरात घातलेला पैसा मात्र नोकरी गेल्यावर बँक परत काढू देत नाही.

यासोबत एनएचजी हमी घ्याच. २०२५ ची तिची मर्यादा ४,५०,००० युरो, शुल्क कर्जाच्या ०.४ टक्के, तुमच्या बाबतीत १,५८० युरो, आणि ते करातून वजाही होतं. हमीमुळे व्याजदर कमी लागतो, आणि पूर्ण कर्ज घेतल्याबद्दल जास्त दर मोजावा लागत नाही. बेकारी, घटस्फोट किंवा जोडीदाराचा मृत्यू अशा कारणाने घर तोट्यात विकावं लागलं, तर उरलेलं कर्ज अटींनुसार माफ होऊ शकतं. तुमच्या भीतीवर इतकं नेमकं औषध दुसरं नाही.

एक गोष्ट पत्रात नव्हती: ३०% रूलिंग, म्हणजे बाहेरून आलेल्या कुशल नोकरदारांच्या पगाराचा ३० टक्के भाग करमुक्त ठेवणारी सवलत. ती पाच वर्षांनी संपते, म्हणजे तुमच्या घरी येत्या वर्षभरात. ६८,००० च्या पगारावर आज २०,४०० युरो करमुक्त आहेत. ते करपात्र झाले आणि करातल्या सवलतीही घटल्या, की हातात येणारा पगार महिन्याला ८०० युरोंच्या आसपास कमी होईल. आजच्या पगारावर हप्ता बेतू नका. मागच्याच वर्षी आइंडहोव्हनच्या एका जोडप्याला मी हे सांगायला विसरलो होतो आणि त्यांचा फोन आला तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं.

आणि हो, यजमानांच्या एकट्याच्या पगारावर एवढं कर्ज मंजूर होणार नाही. तुमचा करार मुदतीचा आहे, म्हणून तुमच्या कंपनीने "कामगिरी आणि परिस्थिती अशीच राहिली तर करार कायम करू" असं लेखी दिलं तर काम सोपं होतं. शुक्रवारच्या आधी एचआरला विचारायची पहिली गोष्ट हीच.

"परत यावं लागलं तर भाड्याने देऊ," हे वाक्य मात्र पत्रातून खोडून टाका. पुण्यात फ्लॅट भाड्याने देणं म्हणजे एजंट, अकरा महिन्यांचा करार आणि एक किल्ली. तिथे राहत्या घराचं कर्ज असताना बँकेच्या परवानगीशिवाय भाडेकरू ठेवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून भाड्याचे करार साधारणपणे बेमुदतच करावे लागतात, आणि मध्यम गटातल्या घरांचं भाडं गुणपद्धतीने ठरतं. क्षेत्रफळ, एनर्जी लेबल, डब्ल्यूओझेड यांचे गुण मोजतात. लेबल ई असलेला जुना फ्लॅट तिथे मार खाण्याची शक्यता बरीच. काही काळासाठी परदेशी जाणाऱ्या मालकाला परत येऊन घर ताब्यात घेण्याचं कलम करारात घालता येतं, पण कायमच्या परतीसाठी ते कामाचं नाही. निघालात तर विकून निघायचं, हे धरूनच घ्या.

आता इमारत. पोर्टिक पद्धतीची (सामाईक जिन्याभोवती घरं असलेली), साठीच्या दशकातली, अठरा फ्लॅट्स. तुम्ही बाल्कनीसमोरच्या झाडांबद्दल आणि संध्याकाळी सातनंतरच्या शांततेबद्दल दोन परिच्छेद लिहिलेत आणि व्हीव्हीईबद्दल एक ओळ, की गंगाजळीत ३१,००० युरो आहेत. ताई, अठरा घरांमागे ३१,००० म्हणजे घरटी जेमतेम १,७००. छताचं काम निघालं की हा पैसा पुरणार नाही आणि प्रत्येकाकडून वर्गणी मागितली जाईल. कायद्याने व्हीव्हीईने दरवर्षी एकतर दीर्घ मुदतीच्या देखभाल आराखड्यानुसार पैसे बाजूला टाकायचे किंवा इमारत पुन्हा बांधण्याच्या खर्चाच्या निदान ०.५ टक्के. मकेलारकडून तो आराखडा, गेल्या तीन सभांची इतिवृत्तं आणि ताळेबंद मागा. डच वाचायचा कंटाळा करू नका, भाषांतर करून घ्या. छत, गॅलरीचं काँक्रीट, खिडक्यांच्या काचा आणि अ‍ॅस्बेस्टॉस हे शब्द शोधा (नेदरलँड्समध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर १९९३ पासून बंदी आहे, ही इमारत त्याआधीची). आणि २१० युरोंत सामाईक हीटिंगची आगाऊ रक्कम आहे का, हेही विचारा. असेल तर तो आकडा स्वस्त आहे, नसेल तर लेबल ईचं गॅसबिल वेगळं.

मी स्वतः या कागदपत्रांवरच बोली ठरवीन. आराखड्यात छत येत्या दोन-तीन वर्षांत असेल आणि पैसे नसतील, तर तुमचा अंदाजे वाटा किमतीतून कमी करून सांगा. समोरचा नाही म्हणाला तर घर सोडा. फुंडावर, म्हणजे तिथल्या घरविक्रीच्या संकेतस्थळावर, पुढच्या आठवड्यात दुसरं येईल. आणि तिकडच्या भाषेत "तीन खोल्यांचं" म्हणजे आपलं टू बीएचके, हॉलही त्यात मोजतात, हे नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा.

बोलीत कर्ज न मिळाल्यास माघार घेण्याची अट आणि इमारतीच्या तपासणीची अट दोन्ही ठेवा. स्पर्धा आहे म्हणून अट काढा असं कुणी सुचवलं, तर यजमानांचं परमिट आठवा. सहीनंतर तीन दिवस विचार बदलायची मुभा आहे. ती संपल्यावर, अट नसताना मागे हटलात तर किमतीच्या १० टक्के, म्हणजे ३९,५०० युरो दंड बसतो. तुमची जवळजवळ सगळी बचत.

बाबांच्या एफडीबद्दल. तुम्ही पूर्ण कर्ज घेतलंत तर तिची गरजच उरत नाही, हे तर झालंच. कायद्याने अडचण फारशी नाही: बाबा भारतात राहतात आणि भारतीय नागरिक आहेत, त्यामुळे त्यांच्या भेटीवर नेदरलँड्समध्ये देणगीकर लागत नाही, आणि एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. मात्र भेट म्हणून पाठवताना १० लाखांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. १८ लाखांवर १ लाख ६० हजार रुपये अडकतील आणि रिटर्न भरल्यावर परत येतील. निवृत्त माणसाच्या एफडीचं दरमहाचं व्याज हा त्याचा पगार असतो. ते बोलणार नाहीत, पण औषधांचा खर्च त्यातूनच होत असेल.

वाकडच्या फ्लॅटची सांगड या घराशी घालू नका. अनिवासी भारतीयाकडून घर घेताना खरेदीदाराला टीडीएस कापावा लागतो. कमी कपातीचं प्रमाणपत्र आधी आणलं नाही, तर तो पूर्ण रकमेवर कापला जातो आणि परताव्यासाठी रिटर्नची वाट पाहावी लागते. नफ्यावर १२.५ टक्के कर, महागाईनिर्देशांकाचा लाभ नाही. आणि घर विकून घर घेतल्यावर मिळणारी भांडवली नफ्याची सूट फक्त भारतातल्या नव्या घराला आहे, आम्स्टलवेनच्या नाही. हे सगळं शुक्रवारच्या आधी होणारं काम नव्हेच. तो फ्लॅट ठेवायचा का, हा प्रश्न २०२६ संपेपर्यंत सोडवा. तुम्ही २०२४ च्या आधी गेलात म्हणून रूलिंगबरोबर मिळणारी, परदेशातल्या मालमत्तेवरची तिथल्या करातली सूट फार तर तोवर आहे. उशिरात उशिरा १ जानेवारी २०२७ पासून भारतातल्या एफडी, म्युच्युअल फंड आणि हा फ्लॅट बॉक्स ३ मध्ये, म्हणजे तिथल्या बचत-गुंतवणुकीवरच्या करात, दाखवावे लागतील. फ्लॅटला करारानुसार दुहेरी करातून सवलत मिळते, फंडांना तशी नाही. त्यासाठी तिथल्या करसल्लागाराची एक बैठक घ्या. तसंच कर्जासाठी तिथला परवानाधारक सल्लागार लागेलच, मी पुण्यात बसून ते काम करू शकत नाही आणि करणारही नाही.

शेवटी तिसरा मजला. दर उन्हाळ्यात आई-बाबा तीन महिने येतात असं तुम्ही लिहिलंय, आणि बाबांच्या गुडघ्यांबद्दलही. डच जिने कसे उभे असतात ते तुम्ही रोज चढता. त्याच वस्तीत तळमजल्याचं किंवा लिफ्टचं घर १५,००० नी महाग मिळालं, तर हप्ता ७० युरोंनी वाढतो. बोली देण्याआधी हा आकडा लक्षात घ्या.