सोसायटीच्या हिशेबाची पाने पासवर्डमागे ठेवताना

सोसायटीसाठी पीएचपीमध्ये (सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेत) लिहिलेल्या अ‍ॅपमधील मेंटेनन्सची थकबाकी आणि सभांची इतिवृत्ते फक्त सभासदांना दिसावीत, यासाठी आपण जावास्क्रिप्टने पासवर्ड विचारला आहे आणि एवढे पुरेसे आहे का, असा आपला प्रश्न आहे. ते पुरेसे नाही. जावास्क्रिप्ट ब्राउझरमध्ये चालते, म्हणजे पासवर्डची चौकट दिसते तेव्हा थकबाकीची यादी समोरच्याच्या संगणकावर पोहोचलेली असते. पानाचा सोर्स उघडला की ती यादी आणि तुलनेसाठी लिहिलेला पासवर्ड, दोन्ही वाचता येतात. तपासणी सर्व्हरवर आणि पानातील पहिले अक्षर बाहेर पडण्यापूर्वीच व्हायला हवी.

सर्वांना मिळून एकच पासवर्ड चालणार असेल, तर मी अपाचीचे, म्हणजे पाने पाठवणाऱ्या वेब-सर्व्हरचे, बेसिक ऑथेंटिकेशन सुचवेन; त्यात पासवर्ड सर्व्हरच विचारतो. त्या फोल्डरमधील डॉट-एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये चार ओळी लिहिल्या की काम होते, मात्र होस्टिंगवर त्या फाइलला तशी मुभा दिलेली असली पाहिजे. पासवर्डची फाइल एचटीपासवर्ड (htpasswd) या आज्ञेने कॅपिटल 'बी' (-B) हा पर्याय देऊन तयार करावी, म्हणजे पासवर्ड बीक्रिप्ट या पद्धतीने हॅश होऊन, म्हणजे मूळ पासवर्ड परत काढता येऊ नये अशा रूपात, साठतो, आणि ती फाइल वेब-रूटच्या, म्हणजे ज्यातील फाइली वेबवरून थेट मागता येतात त्या फोल्डरच्या, बाहेर ठेवावी. या पद्धतीत ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत पासवर्ड बेस-६४ रूपात पाठवतो. ते एन्क्रिप्शन नव्हे, कोणालाही क्षणात उलगडता येते. त्यामुळे एचटीटीपीएस (वाटेतील माहिती एन्क्रिप्ट करणारी जोडणी) नसेल तर ही पद्धत वापरूच नये. लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते, तेव्हा खर्चाचीही अडचण नाही. एक उणीव मात्र खरी आहे: येथे लॉगआउटची नीट सोय नाही.

लॉगिनचे स्वतंत्र पान आणि लॉगआउट हवेच असेल, तर सेशन, म्हणजे लॉगिन झालेला सभासद सर्व्हरने आयडीवरून लक्षात ठेवण्याची सोय, वापरावे. पीएचपी ५.५ पासून उपलब्ध असलेल्या पासवर्ड_हॅश आणि पासवर्ड_व्हेरिफाय या फंक्शनांवर विसंबावे, स्वतःची हॅश-पद्धत रचू नये, आणि पासवर्ड जुळताच सेशनचा आयडी बदलावा. प्रत्येक संरक्षित पानाच्या अगदी वरच्या ओळीत तपासणीची एकच फाइल जोडावी. त्या फाइलमध्ये लॉगिन पानाकडे वळवणाऱ्या हेडरनंतर (पानाआधी ब्राउझरला जाणाऱ्या सूचनेनंतर) 'एक्झिट' लिहायला विसरू नये, कारण हेडर पाठवल्याने पीएचपी थांबत नाही. एका संस्थेचे अ‍ॅप तपासताना मी कर्ल या आज्ञेने ब्राउझरशिवाय पान मागवले, तेव्हा ३०२ च्या, म्हणजे दुसऱ्या पानाकडे वळवणाऱ्या, उत्तराखाली सभासदांची संपूर्ण यादी दूरध्वनी क्रमांकांसह आली. ब्राउझर मुकाट्याने लॉगिनकडे जात असल्याने हे कोणाच्या लक्षातच आले नव्हते.

आता इतिवृत्तांच्या पीडीएफ फाइलींबद्दल, कारण बहुतेकांची चूक येथेच होते. त्या अपाची थेट पाठवतो, वाटेत पीएचपी येतच नाही. साहजिकच फाइलचा पत्ता एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर गेला की सेशनची तपासणी निरुपयोगी ठरते. फाइली वेब-रूटबाहेर हलवून तपासणीनंतर पीएचपीमधूनच द्याव्यात, आणि फाइलचे नाव वापरणाऱ्याकडून जसेच्या तसे न घेता क्रमांक घेऊन ते डेटाबेसमधून शोधावे, अन्यथा कोणी 'दोन टिंबे आणि तिरपी रेघ' देऊन दुसरीच फाइल मागेल. बेसिक ऑथेंटिकेशनचे कुलूप संपूर्ण फोल्डरला लागत असल्याने हा प्रश्न तेथे उद्भवत नाही, म्हणूनच आपल्या गरजेसाठी माझे मत त्या बाजूचे आहे. कोणतीही पद्धत निवडली तरी एका पीडीएफचा पूर्ण पत्ता लॉगिन न करता खासगी विंडोमध्ये उघडून पाहावा. ती उघडली तर सभासदांना दुवा पाठवू नये.