प्रोबायोटिक गोळ्या चघळल्याने तोंडाचा वास आणि हिरड्यांतून येणारं रक्त थांबेल का? माउथवॉश सोडून त्याच सुरू कराव्यात का?

प्रोबायोटिक म्हणजे उपयोगी जिवंत जंतू, आणि तुम्ही दोन तक्रारी त्यांच्या एकाच गोळीच्या गळ्यात बांधताय. मी दातांची डॉक्टर आहे, त्यामुळे आधी निकाल सांगून टाकते: वासासाठी करून बघायला हरकत नाही, रक्तासाठी त्या गोळीवर विसंबू नका.

रक्ताचं आधी उरकते. दात आणि हिरडीच्या खाचेत जंतूंचा चिकट थर साठतो, लाळेतल्या कॅल्शियमने तो कडक होतो आणि त्याचं किटण बनतं. किटण ब्रशने निघत नाही, मग चघळायच्या गोळीने काय निघणार? ते खरवडूनच काढावं लागतं, म्हणजे स्केलिंग. त्याच्या जोडीला लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी हा प्रोबायोटिक जंतू देऊन काही छोट्या अभ्यासांत फायदा दिसलाय, पण युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांच्या महासंघाने 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत स्केलिंगसोबत प्रोबायोटिक न देण्याचंच सुचवलंय. मीही देत नाही.

आता वास. एक चमचा घ्या, उलटा करून जिभेच्या अगदी मागून पुढे हलकेच ओढा, दहा सेकंद थांबा आणि हुंगा. पांढुरका लगदा दिसेल आणि बहुतेक नाक मुरडाल. तिथल्या खाचाखोचांत हवा पोचत नाही. हवेशिवाय जगणारे जंतू अन्नातली आणि लाळेतली प्रथिनं तोडतात, त्यातून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथाइल मरकॅप्टन हे गंधकाचे वायू सुटतात. पेपरमिंट चघळून तो वास फक्त झाकला जातो.

याच जिभेवर स्ट्रेप्टोकॉकस सॅलिव्हॅरियस नावाचा एक निरुपद्रवी रहिवासी असतो. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठातले जॉन टॅग यांनी त्याचा के12 हा वाण शोधला. हा सॅलिव्हॅरिसिन नावाची प्रथिनं सोडतो आणि शेजारच्या काही जंतूंना वाढू देत नाही. माझ्या मते मौखिक प्रोबायोटिकमध्ये पटण्यासारखं काही असेल तर ते हेच, कारण हा जंतू मुळात तोंडातलाच आहे. दह्यातले जंतू तोंडात मुक्काम करत नाहीत, म्हणून दही खाऊन हे काम होणार नाही.

मात्र के12 च्या सुरुवातीच्या प्रयोगात लोकांना थेट गोळी दिली नव्हती. आधी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक माउथवॉशच्या चुळा आणि जीभ घासणं, मग गोळी. भरलेल्या गाडीत नवा माणूस बसणार कुठे? म्हणजे माउथवॉश की गोळी असा प्रश्नच नाही, क्रम कुठला हा प्रश्न आहे. गोळी घेतल्यावर लगेच जंतुनाशकाने चूळ भरलीत तर आत सोडलेले पाहुणे स्वतःच हाकलून द्याल. क्लोरहेक्सिडिन फार दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात, तेव्हा ते डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच दिवस.

माझ्याकडचे एक आजोबा महिनाभर गोळी घेऊन "काही फरक नाही हो" म्हणत आले. विचारल्यावर कळलं, ती पाण्याबरोबर गिळत होते! पोटाला लाभ झाला असेल तर असो. रात्री ब्रश करून, जीभ घासून, झोपायच्या आधी गोळी तोंडात हळूहळू विरघळू द्यायची आणि वर पाणी प्यायचं नाही. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे जंतूंना टिकायला वेळ मिळतो. गोळ्या थांबवल्या की काही दिवसांत-आठवड्यांत हे पाहुणे बहुधा निघून जातात, तेही गृहीत धरा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पाकिटावर "कीड रोखते" असंही लिहिलेलं असतं. हेलसिंकीत 594 लहान मुलांना सात महिने लॅक्टोबॅसिलस जीजी घातलेलं दूध दिलं होतं, 2001 साली ते प्रसिद्ध झालं आणि किडीचा धोका थोडा कमी दिसला. गंमत म्हणजे लॅक्टोबॅसिलस स्वतः आम्ल तयार करतात आणि खोल किडीत हमखास सापडतात. म्हणून फ्लोराइडची पेस्ट सोडून या दाव्याच्या मागे लागू नका.

विकत घेताना वाणाचं पूर्ण नाव आहे का बघा. नुसतं "सॅलिव्हॅरियस" पुरत नाही, के12 वेगळा आणि त्याच जंतूचा एम18 हा वाण वेगळा. साखर घातलेली गोळी तर रात्री नकोच. केमोथेरपी चालू असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं असतील किंवा हृदयात कृत्रिम झडप असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जिवंत जंतू घेऊ नका.

तुमच्या जागी मी आधी स्केलिंग करून घेतलं असतं आणि दोन आठवडे रोज जीभ घासली असती. पुष्कळांचा वास तेवढ्यानेच जातो. राहिलाच तर महिनाभर गोळी. आणि स्केलिंगनंतरही रक्त येत राहिलं तर रक्तातली साखर तपासून घ्या, मधुमेह आधी हिरड्यांत दिसलेले रुग्ण मी पाहिलेत.