तेलशेलातून तेल ‘गाळतात’ का?

प्रश्न गडचिरोली जिल्ह्यातल्या एका शिक्षकांचा आहे. ‘तेलशेल तापवून त्यातून तेल गाळतात’ असं वाक्य वर्गात वाचलं (तेलशेल म्हणजे तापवल्यावर तेल देणारा थराथरांचा दगड), तर एका पोरानं लगेच विचारलं, “मोहाची गाळतात तसंच ना?” सरांना हवंय ते असं: ‘गाळणे’ बरोबर, की काढणे, वितळवणे, जाळणे?

सर, पोराचं अर्धं बरोबर आहे. मोहाच्या सडव्यात दारू आंबतानाच तयार झालेली असते. चूल तिची फक्त वाफ करते आणि वरचं गार पाणी त्या वाफेचे थेंब करतं. तेलशेलात तेल आधीपासून नसतंच. असतो तो केरोजेन, म्हणजे मुख्यतः शेवाळांचे अवशेष गाळात दबून झालेला घट्ट पदार्थ. तो पिळून निघत नाही, द्रावकात विरघळत नाही. म्हणून ‘काढणे’ फसवं. नाव ग्रीक मेणावरून आलंय (घासलेटच्या ‘केरोसीन’चंही मूळ तेच), पण मेणासारखा वितळून वाहतही नाही. तापवला की फुटतो.

साधारण ३५० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचे मोठे रेणू तुटू लागतात. आधी डांबरासारखा बिटुमेन होतो, मग त्यातून तेलाची वाफ आणि गॅस सुटतो, आणि दगडात कोळसा उरतो. काम लवकर व्हावं म्हणून भट्टीत ५०० अंशांच्या आसपास ठेवतात. आपल्याकडे याला जवळचं क्रियापद आहेच: कोळसा पाडणे. लाकडं मातीनं झाकून, हवा कोंडून पाडतात तो कोळसा. तिथंही लाकूड उष्णतेनं फुटतं, फक्त वाफा धुरावाटे वाया जातात. तेलशेलात त्याच वाफा धरून गार करायच्या असतात. म्हणजे आधी पाडणं, मग गाळणं. ‘भंजक ऊर्ध्वपातन’ या जड शब्दात दोन्ही आहेत, पण सातवीच्या पोराला तो सांगू नये.

दगडात किती तेल पडेल हे फिशर कसोटीनं ठरतं. २.३८ मिमीपेक्षा बारीक केलेला १०० ग्रॅम चुरा बंद पात्रात मिनिटाला १२ अंश या वेगानं ५०० अंशांपर्यंत नेतात आणि तिथं ४० मिनिटं ठेवतात. जमलेल्या द्रवातलं पाणी वेगळं करूनच तेल मोजायचं, नाहीतर आकडा उगाच फुगतो. वणी-घुग्घुसच्या खाणीत कोळशासोबत काळा शेल निघतो. निव्वळ काळा आहे म्हणून त्याला तेलशेल म्हणू नये.

बिघडतं कुठं? तेलाची वाफ गरम भट्टीत रेंगाळली की आणखी फुटते: गॅस आणि कोक (कोळशासारखा घट्ट अवशेष) वाढतो, तेल घटतं. हवा शिरली तर हाती यायचं तेच जळतं. ताप ६००-७०० च्या वर गेला तर दगडातले कार्बोनेट (चुनखडीसारखी खनिजं) फुटू लागतात. ते उष्णता खातात आणि वर कार्बन डायऑक्साइड सोडतात. उभ्या भट्टीत चुरा फार झाला तर गॅसची वाट बुजते. युरोपातल्या एस्टोनिया देशात त्यामुळे किव्हिटर पद्धतीच्या उभ्या भट्टीत ढेकळं घालतात, आणि चुऱ्यासाठी गॅलोटर पद्धत वापरतात, जिच्यात तापलेली राखच चुऱ्यात मिसळून त्याला उष्णता देतात.

धड्यातलं वाक्य मी असं करेन: ‘तेलशेल हवाबंद भट्टीत तापवला की त्यातला केरोजेन फुटून वाफा निघतात, त्या थंड करून तेल मिळवतात.’

‘जाळणे’ मात्र सरसकट चूक ठरवू नका. एस्टोनियातच नार्व्हाच्या वीजकेंद्रांत हा दगड दळून कोळशासारखा थेट जाळतात. तिथं तेच क्रियापद हवं. आणि बातम्यांतलं अमेरिकेचं ‘शेल ऑइल’ बहुतेक वेळा वेगळंच असतं: ते खडकात तेल म्हणूनच असतं, खडक फोडून उपसतात. त्याला ‘काढणे’ चालेल.